थॉमस जेफरसन शाळेची प्रवेश परीक्षा गेली आणि प्रत्येक शाळेचा वाटा ठरला: हे न्याय्य म्हणावे का?

प्रश्न: रानजाई (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

सर्वांना नमस्कार. आम्ही गेली पंधरा वर्षे उत्तर व्हर्जिनियातील फेअरफॅक्स कौंटीत राहतो. आमची धाकटी मुलगी सातवीत आहे आणि पुढच्या वर्षी तिला थॉमस जेफरसन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यालयासाठी, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसते 'टीजे' म्हणतात त्या शाळेसाठी, अर्ज करायचा आहे. ही सरकारी शाळा १९८५ मध्ये सुरू झाली. फेअरफॅक्सबरोबरच लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्च इथली मुलेही तिथे अर्ज करू शकतात. देशातील उत्तम सरकारी शाळांमध्ये तिचे नाव घेतले जाते, हे इथल्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको.

आमचा मोठा मुलगा याच शाळेत शिकला. त्याने २०१९ च्या अखेरीस जुन्या पद्धतीने परीक्षा दिली होती. तेव्हा शंभर डॉलर भरून अर्ज करावा लागे, गणित, वाचन आणि विज्ञान या तिन्हींची परीक्षा होई आणि त्यातून वर आलेल्या मुलांचे निबंध व शिक्षकांची शिफारसपत्रे तपासली जात. आम्ही त्याला सहावीपासून दीड वर्ष दर शनिवारी क्लासला पाठवले होते, हे मी लपवत नाही. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये कौंटीच्या शिक्षण मंडळाने परीक्षा आणि शुल्क दोन्ही रद्द केले आणि डिसेंबरमध्ये नवी पद्धत मंजूर केली. आता नववीच्या वर्गासाठी ५५० जागा आहेत. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतील आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा त्या शाळेतील पात्र मुलांसाठी राखल्या जातात आणि उरलेल्या शंभरेक जागांसाठी सर्वांची एकत्र स्पर्धा होते. पात्रतेसाठी गुणांची चारपैकी ३.५ ची सरासरी लागते, आठवीत किमान अल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, घेतलेला असावा लागतो, आणि त्याशिवाय स्वतःविषयीचे लेखन व गणित किंवा विज्ञानातील एका प्रश्नाची लेखी उकल शाळेतच बसून करावी लागते.

माझे विचारणे दोन गोष्टींविषयी आहे. आमची मुलगी तिसरीपासून प्रगत अभ्यासक्रमाच्या सेंटरमध्ये आहे. तिच्या माध्यमिक शाळेत आसपासच्या अनेक वस्त्यांतील हुशार मुले एकत्र आणलेली असल्यामुळे टीजेसाठी अर्ज करणाऱ्यांची तिथे गर्दी असते. दीड टक्क्याचा हिशेब मूल ज्या शाळेत प्रत्यक्ष शिकते त्या शाळेच्या पटावर होतो, म्हणून काही ओळखीच्या कुटुंबांनी मुलांना सेंटरमधून काढून घराजवळच्या बेस स्कूलमध्ये परत घातले आहे, कारण तिथे स्पर्धा कमी असते. आम्हीही तसे करावे का?

दुसरी गोष्ट मनाला अधिक टोचते. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी निवड झालेल्यांमधील आशियाई मुलांचे प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले. आम्ही दोघेही सामान्य घरांतून शिकून इथवर आलो, अभ्यासाशिवाय आमच्या हाती दुसरे काही नव्हते, आणि मुलांनाही तेच शिकवले. अशा वेळी आमच्या मुलांच्या हक्काच्या जागा काढून घेतल्यासारखे वाटते. हे वाटणे चुकीचे असेल तर ते कसे, हेही मला मोकळेपणाने सांगावे.

उत्तर: क्वीन्सवासी (न्यूयॉर्क)

रानजाई, तुमचे वाटणे मला परके नाही, म्हणून आधी परीक्षेच्या बाजूने लिहितो. न्यूयॉर्क शहरात आठ विशेष सरकारी शाळांमध्ये केवळ एका लेखी परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तिन्हींच्या परीक्षेला तर १९७१ च्या राज्य कायद्याचा आधार आहे. दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक मुले ही परीक्षा देतात.

या शाळांतील आशियाई मुले म्हणजे सुखवस्तू घरांतील मुले, असा बाहेर समज आहे. आमच्या भागात मी वेगळे पाहतो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर टॅक्सी चालवणारे एक बांगलादेशी गृहस्थ राहतात, त्यांची मुलगी स्टायव्हसंटला आहे. त्यांच्या घरी इंग्रजीत निबंध तपासून देणारे कोणी नव्हते, ओळखीपाळखीचे शिफारसपत्र लिहिणारेही कोणी नव्हते. जुन्या प्रश्नपत्रिकांचे एक जाडजूड पुस्तक होते, आणि ते आधीच्या तीन मुलांनी वापरलेले असल्यामुळे त्यातील पेन्सिलीची उत्तरे खोडूनच ती सोडवायला बसायची. जिन्यात बसलेल्या त्या मुलीच्या मांडीवरचे ते पुस्तक आणि त्यावर पसरलेला खोडरबराचा चुरा मी कितीदा तरी पाहिला आहे. परीक्षेचा नियम सर्वांना आधीपासून ठाऊक असतो, कागद तपासणाऱ्याला नाव, आडनाव, उच्चार, कपडे यांपैकी काही दिसत नाही, आणि निकाल का लागला हे विचारायला कोणाच्या दारात जावे लागत नाही. नव्याने या देशात आलेल्या माणसाला याचे मोल फार वाटते.

तरीही २०१९ साली स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी केवळ ७ जागा कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या, हा आकडा मी ज्या दिवशी वाचला त्या दिवशी मला जेवण गेले नाही. इतक्या मोठ्या शहरात असे घडते तेव्हा परीक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यानेही थांबून विचार केला पाहिजे. तत्कालीन महापौर डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये परीक्षा बंद करून प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या सात टक्के मुलांना जागा देण्याचा प्रस्ताव मांडला होता. राज्याच्या विधिमंडळात तो पुढे सरकला नाही. तो बारगळला याचे मला समाधान वाटले, पण त्यानंतर या प्रश्नावर ज्या तडफेने काम व्हायला हवे होते ते झाले नाही, याचे दुःखही वाटते.

माझ्या मते दोष परीक्षेच्या आधीच्या वर्षांत आहे. १९८० च्या दशकात ब्रुकलिन टेकमध्ये कृष्णवर्णीय मुलांची संख्या निम्म्याच्या आसपास होती, आणि तेव्हाही प्रवेश परीक्षेनेच मिळत होता. नंतरच्या काळात ज्या वस्त्यांतून ती मुले येत होती तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांमधील प्रगत वर्ग एकेक करून बंद होत गेले. वर्ग बंद करायचे आणि मग मुले दिसत नाहीत म्हणून परीक्षेकडे बोट दाखवायचे, हे मला पटत नाही. तुमच्या कौंटीने परीक्षा ठेवून तिची मोफत तयारी प्रत्येक शाळेत करून घेतली असती, तर मी त्या निर्णयाचे मनापासून स्वागत केले असते.

उत्तर: पाटीपेन्सिल (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

मी याच कौंटीतील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. क्वीन्सवासींनी परीक्षेच्या आधीच्या वर्षांकडे लक्ष वेधले ते योग्यच केले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मात्र आडात पाणी नाही, असे ठरवण्याआधी पोहरा कोणत्या आडात सोडला जातो तेही पाहावे लागते.

आपल्याकडे निवड आठवीत होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती सातव्या-आठव्या वर्षीच सुरू झालेली असते. पहिलीत आणि दुसरीत बुद्धिमापनाच्या चाचण्या होतात, त्यांच्या आणि शिक्षकांच्या निरीक्षणांच्या आधारे तिसरीपासून काही मुले प्रगत अभ्यासक्रमात जातात, आणि तिथून गणिताची वाट वेगळी होते. ज्या पालकांना ही सारी रचना माहीत असते ते चाचणीत गुण कमी पडले तरी अर्ज करतात, मुलाच्या वह्या आणि कामाचे नमुने जोडतात, नकार आला तर दाद मागतात. हे सारे नियमांत बसणारे आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते केले आहे. पण ज्या आईला शाळेकडून आलेला कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा लागतो, तिला असा अर्ज करता येतो हेच समजत नाही. पुढे तिचे मूल सातवीत माझ्यासमोर बसते तेव्हा त्याची वाट पाच वर्षांपूर्वीच ठरून गेलेली असते.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई मूळची एल साल्वादोरची, रात्री कार्यालयांची साफसफाई करणारी. पालकसभेला ती कामाच्या गणवेशातच आली होती आणि मुलगाच तिच्यासाठी भाषांतर करत होता. मी म्हटले, "याची गणिताची समज विलक्षण आहे, याने टीजेसाठी अर्ज करावा असे मला वाटते." तो तिच्याशी स्पॅनिशमध्ये इतके थोडे बोलला की मला शंका आली. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी स्वतःच ते वाक्य पुन्हा सांगितले. तेव्हा तिने मुलाकडे पाहिले आणि मग मला विचारले की त्या शाळेची बस आमच्या वस्तीत येते का. त्या मुलाने माझे कौतुकाचे वाक्य आईपर्यंत पोहोचवलेच नव्हते, कारण ही शाळा आपल्यासारख्यांसाठी नाही असे त्याने आधीच धरून चालले होते. तेव्हा जुनी पद्धत होती. त्याने अर्ज केला नाही.

आता आकड्यांकडे येते. २०२० मध्ये, जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी, ४८६ मुलांची निवड झाली. त्यांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. पुढच्याच वर्षी, ५५० जागांमध्ये, ते २५ टक्के झाले. आशियाई मुलांचे प्रमाण घटले हे खरे, पण त्या वर्षी अर्जदारांमध्ये आशियाई मुले सुमारे ४९ टक्के होती आणि निवड झालेल्यांमध्ये ५४ टक्के, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हे प्रमाण पुन्हा साठच्या आसपास गेले. या पद्धतीविरुद्ध काही पालकांनी खटला भरला होता, आणि मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा आकडा त्यातील न्यायालयाच्या निकालपत्रातला आहे. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी गरीब घरातील एकाच आशियाई मुलाची निवड झाली होती, नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी अशी ५१ मुले निवडली गेली. क्वीन्सवासी, तुमच्या इमारतीतील त्या मुलीसारखी मुले आमच्याकडेही आहेत. अॅनंडेलमधील दुकानांच्या मागच्या खोल्यांत ती गृहपाठ करत बसलेली असतात, आणि आमच्या जुन्या परीक्षेतून ती वर येत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये जी परीक्षा गरीब आशियाई मुलाला दार उघडून देते तिच्यासारखीच परीक्षा इथे त्याच मुलाला बाहेर ठेवत होती. त्यामुळे परीक्षा चांगली की वाईट, असा एकच निवाडा देणे मला अवघड वाटते.

रानजाई, तुमच्या 'हक्काच्या जागा' या शब्दांवर मात्र मला बोललेच पाहिजे. सरकारी शाळेतील जागा प्रवेशाआधी कोणाच्याच हक्काची नसते. गेल्या वर्षी ज्या गटातील मुले जास्त आली त्या गटाचा पुढच्या वर्षीच्या जागांवर अधिकार तयार होत नाही, आणि तसा तो होत असता तर आपण या देशात आलो तेव्हा आपल्या मुलांसाठी कोणतीच जागा उरली नसती. हा शब्द तुम्ही दुखावल्या मनाने लिहिला आहे हे मला समजते.

नव्या पद्धतीत सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. शिक्षकांचे शिफारसपत्र काढून टाकले, याची मला फार खंत आहे. त्या मुलासारख्या एखाद्यासाठी मी दोन पाने लिहिली असती. जे घरी कोणी सांगत नाही ते शिक्षकाने सांगायचे, ही त्या पत्राची जागा होती. शिवाय पूर्वी परीक्षेची तयारी करून घेणारे क्लास आता स्वतःविषयीच्या लेखनाची तयारी करून घेऊ लागले आहेत. तेराव्या वर्षी मुलाने स्वतःबद्दल लिहिलेले चार परिच्छेद कोणी घासूनपुसून दिले की त्यात ते मूल उरत नाही, आणि वाचणाऱ्याला तो फरक दरवेळी ओळखता येईलच असे नाही.

शाळा बदलण्याविषयी एवढेच सांगेन की ज्या शाळेतील आठवीत सहाशे मुले असतील तिथे दीड टक्का म्हणजे नऊ जागा. त्या नऊंमध्ये तुमची मुलगी येईलच याची खात्री बेस स्कूलही देत नाही. आठवीत मैत्रिणी, शिक्षक आणि गणिताचा वर्ग एकदम बदलण्याची किंमत मात्र खात्रीने मोजावी लागते. हा निर्णय घेण्याआधी तिला विचारले आहे का?

उत्तर: कोयनाकाठ (न्यू जर्सी)

माझा टीजेशी संबंध नाही, पण मी स्वतः अशाच एका वाट्यातून शिकलो आहे. मी पाटण तालुक्यातील एका वाडीतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकून नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला बसलो आणि निवडला गेलो. पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. पुढे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक झाले, तमिळनाडूने मात्र भाषेच्या प्रश्नावरून ती स्वीकारली नाहीत. सहावीला ८० जागा, राहणे-जेवणे शाळेतच, आणि त्या जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी. एकतृतीयांश जागा मुलींसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव. परीक्षा एकदाच देता येते. आज ती दोन तासांची, ८० प्रश्नांची असते आणि निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला असतात, म्हणजे आकृत्यांची मालिका पूर्ण करणे, वेगळी आकृती शोधणे असे प्रश्न, जे मराठी शाळेतल्या आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाला सारखेच नवे असावेत अशी त्यामागची कल्पना.

परीक्षेच्या दिवशी वडील मला तालुक्याच्या गावी घेऊन गेले. पहाटेची एसटी चुकली म्हणून दुधाच्या गाडीतून गेलो होतो. केंद्रावर एक मुलगा भेटला, त्याच्याकडे टोक केलेल्या चार पेन्सिली होत्या. माझ्याकडे एक होती, ती मधोमध मोडली तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी आपली पेन दिली आणि मग काहीतरी आठवून ती परत घेऊन कुठून तरी पेन्सिल आणून दिली. त्या बाई कोण होत्या मला माहीत नाही. सातारा शहरातील मुलांच्या रांगेत मला उभे केले असते तर माझी निवड झाली नसती, हे मी तेव्हाही जाणून होतो आणि आजही मानतो. मला मिळालेली जागा मला कमी गुणांवर मिळाली असेल. त्या जागेवर मी पुढे काय केले याचा हिशेब मी देऊ शकतो.

माझ्यासाठी वाटा हा शब्द अपमानाचा नाही. पण नवोदयचा नियम पहिल्या दिवसापासून तसाच होता, कोणी आधी दीड वर्ष तयारी केली आणि मग नियम बदलला असे झाले नाही. टीजेमध्ये तसे झाले, आणि तिथे पालकांना जे लागले ते केवळ जागा गेल्याचे नव्हे, चालू खेळात नियम बदलल्याचे आहे. दुसरे असे की भारतात राज्यघटनेच्या आधाराने जात आणि जमात उघडपणे लिहून जागा राखता येतात. अमेरिकेत ते चालत नाही. सरकारी शाळांमध्ये मुलाचा वंश पाहून जागा देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सिअॅटलच्या खटल्यात कडक मर्यादा घातल्या आणि जून २०२३ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशांतूनही वंशाचा विचार बाद केला. त्यामुळे इथल्या मंडळांना शाळा, वस्ती आणि उत्पन्न यांच्या वाटेने जावे लागते. जे उघड लिहायला कायद्याने बंदी आहे ते मनात ठेवूनच नियम केला की काय, ही शंका मग सुटत नाही, आणि टीजेचा सारा खटला याच शंकेवर उभा होता. जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी पद्धत म्हणजे वांशिक समतोल साधण्याचा प्रयत्न आहे असे म्हणून ती घटनाबाह्य ठरवली, अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये दोनास एक मतांनी तो निकाल फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा दोन न्यायाधीशांनी आपली असहमती नोंदवली.

मला विचाराल तर अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचे नाव, वंश किंवा लिंग कळत नाही आणि प्रत्येक शाळेला तेच प्रमाण लागू होते, या पद्धतीत मला अन्याय दिसत नाही. मात्र शाळा बदलून जागा मिळवण्याच्या कल्पनेने मी अस्वस्थ झालो. आमच्या तालुक्यात हे फार वर्षे चालू आहे. तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत शिकलेले असले तरच ग्रामीण वाटा मिळतो, म्हणून शहरात राहणारे काही जण मुलाचे नाव जवळच्या खेड्यातील शाळेच्या पटावर घालतात, मूल रोज मोटारीने येते-जाते, आणि परीक्षेत ते त्या खेड्यातील मुलांच्या पुढे जाते. मोडत काहीच नाही, पण माझ्यासारख्या कोणाची तरी जागा जाते. ज्या बेस स्कूलमध्ये तुम्ही मुलीला घालाल तिथल्या नऊ जागा कोणासाठी ठेवल्या आहेत, हे पाटीपेन्सिल यांनी सांगितलेल्या मुलाकडे पाहिले तर समजेल.

उत्तर: लवंगी (सॅन फ्रान्सिस्को)

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे लॉवेल शाळेत गुण आणि परीक्षा यांवर प्रवेश होत असे. महामारीच्या काळात ते थांबवून सोडत काढली गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये मंडळाने सोडत कायम करण्याचा ठराव केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना मतदान करून पदावरून दूर केले, त्याला इतरही कारणे होती, आणि जूनमध्ये जुनी पद्धत परत आली. माझा मुलगा सोडतीतून गेला, पुतणी गुणांवर गेली. सोडतीतून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी गणितात हात देणारे कोणी असायला हवे होते. मुलगा घरी येऊन गप्प बसायचा, वर्गात कोणीतरी "तुम्ही लॉटरीवाले" म्हणाले होते. तुमच्या कौंटीने पद्धत बदलताना आत आलेल्या मुलांसाठी काय केले, हे टीजेतील पालकांनी मंडळाला नेटाने विचारत राहावे असे मला वाटते. प्रवेशाच्या यादीवर जितकी चर्चा होते तिच्या दशांशानेही नववीच्या पहिल्या सत्रावर होत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर: रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी मुलीशी बोलायचे होते. तिला सेंटर सोडायचे नाही. तिने विचारले, "मी तिकडे गेले तर तिकडच्या कोणाची तरी जागा जाईल ना?" हे तिच्या मनात कुठून आले ते मला माहीत नाही, मी तिला या चर्चेतले काही वाचून दाखवले नव्हते. शाळा बदलण्याचा विषय आमच्यापुरता संपला.

'हक्काच्या जागा' हे शब्द मी मागे घेते. लिहिताना ते सहज आले आणि सहज आले म्हणूनच मला आता त्यांची लाज वाटते. मोठ्या मुलाच्या क्लाससाठी आम्ही जे पैसे मोजले ते पाटीपेन्सिल यांनी सांगितलेल्या मुलाच्या आईजवळ नव्हते, एवढे दिसायला मला आकड्यांची गरज पडायला नको होती.

एका गोष्टीवर मात्र माझे मत बदललेले नाही. पद्धत ठरवताना मंडळातील दोन सदस्यांनी एकमेकींना पाठवलेल्या संदेशांत या साऱ्यामागे आशियाईविरोधी सूर जाणवतो असे म्हटले होते, आणि ते संदेश न्यायालयासमोर आले. अनेक आशियाई पालक त्या काळात बैठकांत बोलायला उभे राहत, तेव्हा तुम्ही मुलांना यंत्र बनवता अशा अर्थाचे बोलणे आम्ही समोरासमोर ऐकले आहे. माझा नवरा एका बैठकीतून परतल्यावर गाडी बंद करून बराच वेळ आत तसाच बसून होता. पद्धत न्याय्य असू शकते आणि ती आणताना आम्हाला दिलेली वागणूक न्याय्य नसू शकते. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आमच्याशी अजून कोणी बोललेले नाही.

पाटीपेन्सिल, तुमच्यासाठी एक प्रश्न. आम्ही दोघेही अभियंते आहोत आणि शनिवारची जी दुपार मोठ्या मुलाला क्लासला सोडण्यात जायची ती आता मोकळी असते. तुमच्या शाळेत सातवीच्या मुलांना अल्जिब्राची तयारी करून घेण्यासाठी बाहेरची माणसे चालतात का, की त्यासाठी वाचनालयातील खोली आधी मिळवावी लागेल? माझ्या नवऱ्याला थोडी स्पॅनिश येते.